मानाच्या जागेवर विद्यापीठ

माझी सून पेरिझात विद्यापीठात गेली, असं मी गावभर सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी ती सगळ्यांना गोठ्यातून शेण काढताना दिसली. यात माझी काय चूक? विद्यापीठात गेलेलं माणूस जातं. माझ्या भावाचा मुलगा राजधानीला, बिश्केकला गेला तेव्हा आम्ही त्याला गोधडी दिली, सुकं मांस दिलं, गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभे राहिलो. ही गेली आणि रात्रीचे नान भाजायला घरातच.

"तुला घेतलं की नाही घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं, आपा." आमच्यात आईला आणि सासूलाही आपाच म्हणतात.

"मग जायचं कधी?"

"जायचं नाही. इथूनच शिकायचं."

"इथून म्हणजे कुठून?"

तिनं खिडकीतल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्याच्या झाकणावर पीठ सांडलेलं होतं.

मी शिकलेली नाही. शाळेत माझं नाव होतं, पण मी वडिलांबरोबर वर डोंगरात मेंढ्यांमागे असायचे, आणि मास्तर हजेरी लावून टाकायचे कारण वडील त्यांना लोणी पाठवायचे. तरी हे घर, ही जनावरं, राजम्याची शेती, तीन मुलींची लग्नं मी निभावली. एखाद्या गोष्टीचं दार कुठे आहे तेवढं मला दाखवा, आत काय चाललंय ते मी ओळखते. या विद्यापीठाला दारच नव्हतं. ते समुद्रापलीकडे होतं म्हणे, पण तिथे राहणारेही आपापल्या घरी बसून शिकत होते. मग त्या इमारतीत कोण बसतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पेरिझात आमच्या गावच्या शाळेत रसायन शिकवते. पुढची मोठी पदवी घ्यायची, हे तिनं लग्नाआधीपासून धरून ठेवलं होतं. दोन वर्षं अर्ज केला, दोन्ही वर्षं नाही म्हणाले. या वर्षी हो म्हणाले. त्या दिवशी तिनं मला मिठी मारली, आणि आमच्या घरात सून सासूला उगाच मिठी मारत नाही, म्हणून मी समजले की गोष्ट मोठी आहे.

त्यानंतर रोज काहीतरी नवीन. एक दिवस त्यांनी तिला एक क्रमांक दिला. एक दिवस म्हणाले, पासवर्ड बदल. बदलला तर म्हणाले, ही तूच कशावरून? मग फोनवर आकडे यायचे, ते लॅपटॉपमध्ये घालायचे. लॅपटॉपला तारेनं घरात इंटरनेट मिळतं, पण आमच्याकडे फोनला आवाज येतो तो फक्त गवताच्या गंजीवर. पेरिझात गंजीवर चढायची, तिथून आकडे ओरडायची, आणि मी खाली लॅपटॉपसमोर बसून एका बोटानं दाबायचे. मला आकडे चांगले येतात. पण शेवटचा आकडा दाबेपर्यंत ते आकडे शिळे झालेले असायचे.

"पुन्हा पाठवलेत, आपा."

"त्यांना सांग, म्हातारीचं बोट आहे. जरा दमानं घ्या."

"सांगता येत नाही. तिकडे माणूस नाहीये."

"माणूस नाही तर विचारतंय कोण?"

गंजीवरून नवे आकडे आले.

मग एक दिवस गंजीवर ठेवलेल्या फोनवर माझ्या मुलाचा, सिमिकचा फोन आला. तो राजम्याचे ट्रक चालवतो, सुगीत घरी टिकत नाही. म्हणाला, "आपा, शुक्रवारी विद्यापीठाचे लोक पेरिझातला बघणार आहेत. ओळख पटवायला. खोलीसुद्धा बघतात, चारही भिंती. तेवढं सांभाळून घ्या." आणि ठेवला.

आता मला सांगा, लोक घर बघायला येणार आणि 'सांभाळून घ्या' म्हटल्यावर आमच्यातली बाई काय करेल? मी मोठी खोली झाडून घेतली. पेटीवरच्या गोधड्यांची चवड उतरवून पुन्हा रचली, लाल रेशमी सगळ्यात वर. माझ्या हातचा नक्षीचा लोकरी नमदा भिंतीवर लावला. आदल्या दिवशी पिठाचे बोरसोक तळले, पोतंभर. साय, जर्दाळूचा मुरंबा, चहाचं पाणी उकळायचा समोवार घासून लख्ख. आणि थोरल्या जाऊबाईंना, उलकानबाईंना, बोलावलं. त्यांना न बोलावता केलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. त्या येताना दोन शेजारणी घेऊन आल्या.

पेरिझात सकाळपासून माझ्या मागे मागे.

"आपा, मी एकटीच बसले तर..."

"एकटी? घरात पाहुणे आणि सून एकटी? लोक म्हणतील सासू मेली की काय."

"त्यांचा नियम..."

"त्यांचा नियम त्यांच्या घरी."

चांगल्या घरची मुलगी, सासूला उलटून बोलत नाही. तेच नडलं, पण ते नंतर कळलं.

जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरला. दारासमोरची जी मानाची जागा, तिथे पाहुणा बसतो. पाहुणा लॅपटॉपमध्ये, म्हणून लॅपटॉप तिथे ठेवला, खाली उशी घालून. पुढ्यात नान, चहाचा भरलेला पियाला. आम्ही चौघी भिंतीकडेनं. आणि पेरिझात तिच्या जागी, खाली दाराजवळ, समोवारपाशी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. कशी शोभत होती.

पडद्यावर एक बाई उगवली. भुरे केस, गळ्यात दोरीला पाटी. काहीतरी बोलली. पेरिझात काहीतरी बोलली. ती बाई पुढे वाकून डोळे बारीक करायला लागली.

"चहा गार होतोय म्हणावं," उलकानबाई म्हणाल्या.

"तिला दिसत नसेल ती. जवळ ये म्हणतेय," एक शेजारीण.

पेरिझात उठून लॅपटॉपजवळ गेली, तो उचलला आणि खोलीभर फिरवायला लागली. मी डोक्यावरचा रुमाल सारखा करून ताठ बसले. नमदा दाखव, म्हटलं. उलकानबाईंनी दात दिसतील इतकं हसून मान डोलावली. त्या बाईच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. मग तिनं स्वतःच्या कानाला हात लावला, आणि पेरिझातनं रुमाल मागे सारून एक कान दाखवला, मग दुसरा.

"घोडा घेताना दात बघतात," उलकानबाई म्हणाल्या, "ही बाई कान बघतेय. कालिपा, तुझ्या सुनेला कुठे पाठवतेयस नक्की?"

"कुठेच पाठवत नाहीये. तोच तर घोळ आहे."

मग बाईनं एक प्रश्न विचारला. पेरिझातनं सांगितलं, "पेरिझात." बाईनं पुन्हा विचारलं. पेरिझातनं माझ्याकडे बघितलं. बाईनं तिसऱ्यांदा विचारलं, सावकाश, बहिऱ्याला विचारावं तसं. पेरिझातचे ओठ हलले, आवाज नाही. मानेपासून वर लाल झाली.

मला वाटलं, घाबरली पोर. मी सरकून पुढे गेले, नानचा तुकडा मोडला, पडद्यासमोर धरला आणि म्हटलं, "आधी नान तोंडाला लावा, बाई. मग विचारा काय ते. दारात आलेलं माणूस आमच्याकडे नान चाखल्याशिवाय जात नाही."

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मग दोन वाक्यं बोलली, आणि पडदा काळा झाला.

समोवार तेवढा शीं करत होता.

"झालं?" मी विचारलं.

"आज नाही झालं, आपा. पुढच्या गुरुवारी पुन्हा. शेवटचं." एवढं म्हणून ती मानाच्या जागेवरचा गार चहा उचलून बाहेर ओतायला गेली.

"शेवटचं म्हणजे?"

"तेव्हाही नाही झालं तर प्रवेश जाईल," ती दारातून म्हणाली.

उलकानबाईंनी घरी नेण्यासाठी बोरसोक बांधून घेतले आणि जाता जाता म्हणाल्या, "मन लावून घेऊ नकोस, कालिपा. तुझं घर बघून विद्यापीठ पळालं, एवढंच. माझ्या घरी आलं असतं तर निदान चहा तरी प्यालं असतं."

मी चार दिवस त्याच विचारात. राजम्याची मळणी चालू होती, अंगणभर शेंगा पसरलेल्या, आणि माझं लक्ष दाण्यांत नव्हतं. काय चुकलं? साय पातळ होती? पहिला मान उलकानबाईंनी घेतला म्हणून पाहुणी रागावली? की मेंढी कापली नाही म्हणून? विचार करता करता मला तेच खरं वाटायला लागलं. समुद्रापलीकडून माणूस आलं आणि आम्ही त्याला तळलेल्या पिठावर बसवलं. अशानं कोणीही उठून जाईल.

बुधवारी मी जाड शेपटीची मेंढी निवडून खुंटाला बांधली. सुरी दगडावर घासत होते तेवढ्यात पेरिझात शाळेतून आली. मेंढीकडे बघितलं, सुरीकडे बघितलं.

"हे कशाला, आपा?"

"उद्याला. आणि इमामसाहेबांच्या बायकोलाही बोलावलंय. या वेळी काही कमी पडायचं नाही."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. मग खाली, माझ्यासमोर, शेंगांवरच बसली.

"मेंढी नका कापू."

"का? एक पुरणार नाही?"

"आपा, त्यांना खोलीत कोणी नको असतं. टेबलावर काही नको. नानसुद्धा नाही. कोणी बोलायचं नाही. बाजूचं कोणी उत्तरं सांगत नाही ना, कानात काही लावलेलं नाही ना, ते बघतात. त्या बाईला वाटलं, मी दुसऱ्याच कोणाच्या नावावर बसलेय आणि तुम्ही मला शिकवताय."

मला हे गिळायला वेळ लागला. पाहुणा यावा आणि त्याच्यापुढे रिकामं टेबल असावं, हीच त्याची इच्छा. असले पाहुणे मी पाहिले नव्हते.

"मग हे आधी का नाही बोललीस?"

बोलली होती. मी ऐकलं नव्हतं. ते जाऊ दे.

"बरं," मी सुरी बाजूला ठेवली. "खोली रिकामी करू. उलकानबाईंना सांगते ताप आलाय. एवढ्यावरच अडलं होतं ना?"

"नाही."

"आणखी काय? पुन्हा कान?"

"नाव विचारतात, आपा."

"तुला नाव नाही का?"

"पूर्ण नाव. पासपोर्टावरचं. तोंडानं सांगावं लागतं."

तेव्हा मला कळलं, आणि मी राजम्याच्या शेंगा उगाचच हातात घेऊन सोलायला लागले.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. दिराचं नाही, आजेसासऱ्याचं नाही, आणि बायको नवऱ्याचंही नाही. मीही कधी घेतलेलं नाही. मी त्यांना 'अहो' म्हटलं, मग 'सिमिकचे वडील' म्हटलं, ते वारल्यावर 'ते' म्हणते. आणि सिमिकनं पासपोर्ट काढताना आडनाव म्हणून वडिलांचंच नाव लावलं, तेच, शेवटी बाईचं 'ओवा' जोडून, लग्नानंतर पेरिझातला लागलं. शाळेत मुलं तिला नुसतं 'ताई' म्हणतात, सही करताना लिहिलं तर चालतं. म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्यात त्यांच्या नावात लोखंडाचा शब्द. म्हणून आमच्या घरात लोखंडालाही लोखंड म्हणत नाहीत, 'कणखर' म्हणतात. कणखर खिळा, कणखर कढई. पेरिझात रसायन शिकवते आणि तिच्या वर्गातली पोरं लोखंडाला कणखर म्हणतात, त्यावरून तालुक्याचा तपासनीस एकदा चिडला होता. मी त्याला सुनावलं होतं की माझी सून वळण असलेली आहे, तुम्ही तुमचं बघा. गावात तिच्याइतकं वळण पाळणारी दुसरी सून नाही, हे मी चारचौघांत सांगत आलेय.

"मी नसताना म्हण," मी म्हटलं. "मी नदीवर जाते. मला ऐकू येणार नाही, तुला पाप लागणार नाही."

"करून बघितलं. गोठ्यात जाऊन, कोणी नसताना. गायीसमोर." तिनं कपाळाला हात लावला. "येतच नाही तोंडातून. पहिलं अक्षर येतं आणि पुढचं अडतं. तुम्ही दाराआड उभ्या आहात असं वाटतं."

"मी? गोठ्यात?"

"सगळीकडे."

हे कौतुक म्हणून घ्यावं की टोमणा म्हणून, ते मला ठरवता आलं नाही.

"त्यांना सांग, आमच्यात रीत नाही. लिहून दाखवते म्हणावं."

"पत्र लिहिलं होतं तसं. उत्तर आलं की सगळ्यांना एकच नियम." मग म्हणाली, "राहू दे, आपा. पुढच्या वर्षी बघू." ज्या आवाजात माणूस म्हणतो की ते आता कधीच होणार नाही, त्या आवाजात.

मी उठले. मेंढी सोडून दिली. हात धुतले, घरात जाऊन एक नान आणला आणि तिच्यासमोर बसले. आमच्यात मोठ्यांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला की धाकट्याला वाट मोकळी होते. मी तळवे उघडले. "म्हण तू. मी मोकळीक देते. या घरात आता माझ्यापेक्षा मोठं कोणी नाही. म्हण."

तिनंही तळवे उघडले. ओठ हलले. पहिलं अक्षर आलं. डोळ्यांत पाणी आलं. नाव आलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मी तिला असं काही करायला सांगतेय जे मी स्वतः कधी केलं नाही. त्यांना माती दिली त्या दिवशीही बाकीचे नावानं हंबरडा फोडत होते आणि मी 'अहो, अहो' करत होते.

मी घसा साफ केला. इकडेतिकडे बघितलं. अंगणात फक्त मेंढी. म्हटलं, "तेमिरबेक."

किती मोठ्यानं म्हटलं कोण जाणे, शेजारचा कुत्रा भुंकला. माझ्या तोंडाला ते नाव परक्याच्या चपलेसारखं वाटलं. आभाळ कोसळलं नाही. पेरिझात माझ्याकडे बघत राहिली, जणू मी रुमाल काढून रस्त्यावर गेले होते.

"बघत काय बसलीस? म्हण माझ्यामागून. तेमिरबेक."

"ते..."

"तेमिरबेक."

"तेमिर..." तिनं तोंडावर हात दाबला. आणि मला कळेना हसतेय की रडतेय. "तेमिरबेक."

"आता तुझं सगळं. विद्यापीठाला सांगायचं तसं."

"पेरिझात तेमिरबेकोवा."

"खाली बघून नाही. त्या बाईकडे बघून. ती मेंढी समज ती बाई."

तिनं मेंढीला नाव सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. अंधार पडेपर्यंत शेंगा सोलत आम्ही दोघी आळीपाळीनं त्यांना हाका मारत होतो. ते काही आले नाहीत. तसे जिवंतपणीही एका हाकेत यायचे असं नाही.

गुरुवारी मी खोली रिकामी केली. गोधड्या, नमदा, दस्तरखान, सगळं बाहेर. मधोमध एक टेबल, एक खुर्ची, लॅपटॉप. कोणी मेलेल्या घरासारखी दिसत होती खोली. रिकाम्या टेबलाकडे मला बघवेना, म्हणून पेरिझातच्या खिशात गुपचूप नानचा तुकडा सरकवला. पाहुणी बघणार नाही, पण नान खोलीत असेल.

तापाची थाप उलकानबाईंना पटली नाही. त्या आल्याच. मी त्यांना अंगणात, खिडकीखाली बसवलं आणि राजमा निवडायला दिला.

"आम्हाला आत जागा नाही का?"

"आत विद्यापीठ आहे, जाऊबाई."

"मागच्या वेळीही होतं. मी त्याला बघून हसले होते."

"म्हणूनच."

खिडकी बंद होती, तरी आवाज येत होता. त्या बाईचा आवाज. पेरिझातचा. मग टेबल सरकवल्याचा. बहुधा भिंती दाखवत होती. माझ्या हातातले दाणे सुपात पडायचे थांबले होते. बाईनं काहीतरी विचारलं.

आणि मग माझ्या सुनेचा आवाज आला, शाळेत मुलांना ओळीत उभं करते तसला: "पेरिझात तेमिरबेकोवा."

उलकानबाईंच्या हातातून सूप निसटलं. त्यांनी दोन्ही गालांवर हात मारले. "तौबा, तौबा. कालिपा, ऐकलंस? तुझ्या सुनेनं सासऱ्याचं... भावजींचं नाव घेतलं."

"ऐकलं. मीच शिकवलंय."

"तू?" त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तुला तरी कुठे येतं ते?"

मी दाणे गोळा करायला लागले. या बाईला उत्तर दिलं असतं तर सगळ्या गावाला दिल्यासारखं झालं असतं.

थोड्या वेळानं पेरिझात बाहेर आली. रुमाल सरकलेला, हातात नानचा अर्धा तुकडा, चावत होती.

"झालं, आपा. घेतलं त्यांनी. सोमवारपासून वर्ग."

मी उठले, तिचं कपाळ जवळ घेऊन मायेनं हुंगलं. मग विचारलं, "काय म्हणाली ती? नाव ऐकल्यावर?"

"काही नाही. खूण केली."

"खूण?"

"एक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण. मग म्हणाली, धन्यवाद, पुढचा."

"कोणाचं नाव, कोण होते, काही विचारलं नाही?"

"नाही, आपा."

लग्न झाल्यापासून मी जे तोंडात धरून ठेवलं होतं, ते त्या बाईनं एका खुणेत घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. ऐकलं तरी होतं का तिनं? पेरिझात म्हणते ऐकलं. मला कळत नाही. सोमवारी वर्ग आहे म्हणते, आणि वर्गाला जायचं नाही म्हणते. माझ्या भावाच्या मुलाला दिली तशी गोधडी हिला द्यायची की नाही, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

उलकानबाई नाराज होऊन गेल्या. संध्याकाळी मी चूल पेटवली. पेरिझात दूध काढून बादली घेऊन आत येत होती. मी पाठमोरी होते. म्हटलं, "पोरी, ती लोखंडी कढई दे जरा."

शब्द माझ्याच कानावर पडला आणि मी वळले. ती दारात थांबली होती, बादली हातात. तिनं बादली खाली ठेवली, खुंटीवरून कढई काढली आणि माझ्या हातात दिली.